स्कॉटलंड : स्वातंत्र्याचा प्रश्न आणि घरखर्चाचा हिशेब

'स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?' एवढा एकच प्रश्न छापलेली मतपत्रिका १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमधील मतदारांच्या हाती पडली. उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यायचे होते आणि ८४.६ टक्के मतदारांनी ते दिले. सार्वत्रिक मताधिकार आल्यापासून ब्रिटनमधील कोणत्याही निवडणुकीत एवढे मतदान झाले नव्हते. २० लाख १ हजार ९२६ जणांनी 'नाही' म्हटले, तर १६ लाख १७ हजार ९८९ जणांनी 'होय'. टक्केवारीच्या भाषेत ५५.३ विरुद्ध ४४.७. तीनशे सात वर्षांचा संयुक्त संसार त्या रात्री टिकला, परंतु वाद काही मिटला नाही.

राष्ट्र, अस्मिता, ध्वज हे शब्द या वादात सतत येतात. तथापि, त्या मोहिमेच्या काळातील चर्चा पाहिल्या तर सामान्य माणसाचे प्रश्न अगदी निराळे होते, असे दिसते. आपले निवृत्तिवेतन कोण देणार? घराच्या कर्जाचा हप्ता कोणत्या चलनात भरायचा? इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलीकडे जाताना पासपोर्ट दाखवावा लागेल का? जहाजबांधणीच्या गोदीतील नोकरी राहील का? जेमतेम ५४ लाख लोकवस्तीच्या या देशात (आपल्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्याही याहून कितीतरी अधिक आहे) या प्रश्नांनी घराघरांत दोन तट पाडले.

विलीनीकरणाचा सौदा

१६०३ मध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच पहिला जेम्स म्हणून इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, पण संसदा दोन राहिल्या. पुढे शंभर वर्षांनी त्याही एक झाल्या, त्यामागे तलवारीपेक्षा तिजोरीचा संबंध अधिक होता. १६९८ मध्ये स्कॉटिश व्यापाऱ्यांनी पनामाच्या संयोगभूमीवर, डॅरिएन येथे वसाहत स्थापण्याचा घाट घातला. सरदारांपासून लहान दुकानदारांपर्यंत अनेकांनी आपली पुंजी त्यात ओतली. रोगराई, उपासमार, स्पेनचा विरोध आणि इंग्रजी वसाहतींनी नाकारलेली मदत यांमुळे ती योजना दोन वर्षांत बुडाली. देशातील खेळत्या भांडवलाचा मोठा हिस्सा तिच्यासोबत गेला.

१६ जानेवारी १७०७ रोजी स्कॉटिश संसदेने ११० विरुद्ध ६९ मतांनी विलीनीकरणाचा कायदा मंजूर केला. त्या बदल्यात मिळालेल्या ३ लाख ९८ हजार ८५ पौंडांतून डॅरिएनच्या भागधारकांना भरपाई दिली गेली. त्या काळी एडिंबरा आणि ग्लासगोच्या रस्त्यांवर दंगली उसळल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. सामान्यांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते. मात्र स्कॉटलंडचा स्वतःचा कायदा, न्यायालये, चर्च आणि शिक्षणव्यवस्था यांना धक्का लागणार नाही, अशी हमी त्या तहात होती. वेगळेपणाची मुळे जिवंत राहिली ती या हमीमुळे.

पुढची दोनशे वर्षे स्कॉटिश माणसाला साम्राज्याचा फायदा झाला, हे सत्य स्कॉटलंडमध्येही आता मोकळेपणाने मान्य केले जाते. आपल्याकडे ज्यांना सरसकट 'इंग्रज' म्हटले जाते, त्यांपैकी अनेक जण इंग्रज नव्हतेच. पेशवाईच्या अखेरीचे सूत्रधार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्यांच्यानंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले जॉन माल्कम आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे ग्रँट डफ, हे तिघेही स्कॉटिश. मुंबईतील विल्सन महाविद्यालयाचे जॉन विल्सनही तेथलेच. साम्राज्य होते तोवर लंडनशी जोडलेले राहण्यात लाभ होता. ते ओसरल्यावर 'आता एकत्र कशासाठी?' हा प्रश्न डोके वर काढू लागला.

तेल, डोईपट्टी आणि परत आलेली संसद

स्कॉटिश नॅशनल पार्टीची (एसएनपी) स्थापना १९३४ ची. प्रारंभीची तीन दशके तिला कोणी फारसे गांभीर्याने घेतले नाही. १९६७ मध्ये हॅमिल्टनची पोटनिवडणूक विनी यूइंग यांनी जिंकली आणि १९७० मध्ये उत्तर समुद्रात फोर्टीज हा प्रचंड तेलसाठा सापडला. तेल स्कॉटलंडचे आहे, ही पक्षाची घोषणा त्यानंतरची. १९७४ मध्ये सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी तयार केलेल्या एका टिपणात, तेलाच्या उत्पन्नावर स्वतंत्र स्कॉटलंड अत्यंत सुस्थितीत राहू शकेल, असे म्हटले होते. ते टिपण गोपनीय ठेवले गेले आणि माहिती अधिकाराच्या कायद्याखाली २००५ मध्ये लोकांसमोर आले. लंडनवरील अविश्वासाला एवढे खाद्य दुसऱ्या कोणत्याही कागदाने पुरवले नसेल.

१ मार्च १९७९ रोजी प्रादेशिक विधिमंडळासाठी पहिले सार्वमत झाले. ५१.६ टक्के मते बाजूने पडली. परंतु एकूण मतदारसंख्येच्या ४० टक्के लोकांचा पाठिंबा हवा, अशी अट घातलेली असल्याने आणि तो ३२.९ टक्केच भरल्याने योजना बारगळली. चिडलेल्या एसएनपीने मजूर पक्षाच्या सरकारविरुद्ध अविश्वासाची पाठराखण केली. सरकार एका मताने पडले, मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि एसएनपीचे स्वतःचे खासदार अकरावरून दोनवर आले.

थॅचर यांच्या काळाची आठवण स्कॉटलंडमधील कामगार वस्त्यांत आजही कडवट आहे. खाणी, पोलाद आणि जहाजबांधणी हे तिन्ही उद्योग आक्रसले. मदरवेलचा रेव्हन्सक्रेग पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद पडला, तेव्हा थॅचर यांच्या जागी जॉन मेजर आलेले होते. पण लोकांच्या लेखी ते एकच पर्व. त्यातच 'पोल टॅक्स', म्हणजे श्रीमंत-गरीब असा भेद न करता माणशी आकारलेली डोईपट्टी, स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू झाली. १९८७ च्या निवडणुकीत स्कॉटलंडमधील ७२ पैकी केवळ १० जागा हुजूर पक्षाला मिळाल्या होत्या. आपण ज्यांना निवडलेच नाही ते आपल्या घरावर कर लावतात, ही भावना तेथून घट्ट झाली. असंख्य लोकांनी ती पट्टी भरण्यास नकार दिला.

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्कॉटिश संसदेला कौल दिला. १९९९ मध्ये ती एडिंबऱ्यात भरली. आरोग्य, शिक्षण, न्याय, पोलीस आणि स्थानिक शासन हे विषय तिच्याकडे आले. परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन आणि स्थलांतर लंडनकडेच राहिले. सत्तेचे हे वाटप केल्यावर स्वातंत्र्याची मागणी विझेल, अशी मजूर पक्षाची अटकळ होती. २००७ मध्ये एसएनपीचे अल्पमतातील सरकार आले आणि २०११ मध्ये अलेक्स सामंड यांनी १२९ पैकी ६९ जागा जिंकून स्पष्ट बहुमत मिळवले. तेव्हा त्या अटकळीचे काय झाले ते सर्वांनाच दिसले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिंबरा करारावर सही करून सार्वमताला मान्यता दिली.

मत कोणाला होते, कोणाला नव्हते

मतदानाचा हक्क वंशावर ठरला नाही, रहिवासावर ठरला. याचे परिणाम विलक्षण होते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लाखो स्कॉटिश लोकांना मत नव्हते. टेनिसपटू अँडी मरे यांनी मतदानाच्या दिवशी सकाळी 'होय'च्या बाजूने कल दर्शवला आणि त्याबद्दल शिव्याशापही खाल्ले, पण त्यांचे घर इंग्लंडमध्ये असल्याने त्यांना मत देता आले नाही. अभिनेते शॉन कॉनरी आयुष्यभर स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते. तेही बहामात राहत असल्याने यादीबाहेर. उलट अ‍ॅबर्डीनच्या तेल कंपनीत किंवा ग्लासगोच्या रुग्णालयात नोकरी करणारा भारतीय नागरिक, राष्ट्रकुलातील देशाचा रहिवासी या नात्याने, वैध व्हिसावर आणि मतदारयादीत नाव असल्यास मत देऊ शकत होता. पोलंड वा इटलीच्या नागरिकालाही तो हक्क होता. पुढे २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात भारतीयाचा हक्क कायम राहिला, मात्र युरोपीय शेजाऱ्याचा गेला. ज्याच्या भवितव्याचा निर्णय व्हायचा त्यालाच त्या दिवशी घरी बसावे लागले.

सोळा व सतरा वर्षांच्या मुलांनाही प्रथमच मत मिळाले. शाळेच्या वर्गात चलन, कर्ज आणि अण्वस्त्रे यांवर वादविवाद झडले. मुले 'होय' म्हणत होती आणि आजी-आजोबा 'नाही', असे चित्र अनेक घरांत होते. मतदानोत्तर पाहण्यांतही तरुणांकडून वृद्धांकडे जावे तसा 'नाही'चा कल वाढत गेल्याचे आढळले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला बदलात धोका दिसतो. ज्याच्यापुढे सारे आयुष्य आहे त्याला संधी दिसते. यात कोणाचे चुकले असे म्हणता येत नाही.

पौंड कोणाचा?

मोहिमेतील सर्वांत अवघड प्रश्न चलनाचा ठरला. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्कॉटिश सरकारने सुमारे ६७० पानांची श्वेतपत्रिका काढली. स्वतंत्र झाल्यावरही राणी आपलीच राहील आणि पौंडही, असे तिच्यात म्हटले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी एडिंबऱ्यात येऊन सांगितले की, देश सोडाल तर पौंडही सोडावा लागेल. मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांनीही त्यांना दुजोरा दिला. सामंड यांचे म्हणणे, ही नुसती धमकी आहे. परंतु धमकी खरी ठरली तर काय, याचे नेमके उत्तर त्यांनी दिले नाही आणि ऑगस्टमधील दूरचित्रवाणीवरील पहिल्या वादात 'नाही' पक्षाचे नेते अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी त्यांना तेथेच गाठले.

ज्याच्या डोक्यावर पंचवीस वर्षांचे गृहकर्ज आहे त्याच्यासाठी हा वाद केवळ अर्थशास्त्राचा नसतो. पगार एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात अशी वेळ आली, तर विनिमय दराचा प्रत्येक झोका त्याच्या हप्त्यावर येणार. २००८ च्या आर्थिक संकटाची आठवणही ताजी होती. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड वाचवण्यासाठी ब्रिटनच्या तिजोरीतून सुमारे ४५ अब्ज पौंड ओतावे लागले होते. एवढा भार लहान देशाला पेलला असता का, हा 'नाही'वाल्यांचा बिनतोड सवाल होता.

७ सप्टेंबर २०१४ रोजी एका जनमत चाचणीत 'होय' पक्ष प्रथमच ५१ विरुद्ध ४९ असा पुढे दिसला आणि लंडनची धावपळ उडाली. पौंड घसरला. तिन्ही पक्षांचे नेते संसदेतील काम टाकून स्कॉटलंडला आले. मोठ्या बँकांनी नोंदणीकृत मुख्यालय लंडनला हलवण्याची तयारी जाहीर केली, तर किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्यांच्या प्रमुखांनी वस्तू महागण्याचा इशारा दिला. 'होय'वाल्यांनी या साऱ्याला भीतीचा बाजार म्हटले. १६ सप्टेंबरला तिन्ही पक्षनेत्यांनी स्कॉटिश संसदेला आणखी अधिकार देण्याचे लेखी वचन वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर प्रसिद्ध केले. ते पाळले गेले. २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने प्राप्तिकराचे दर व टप्पे ठरवण्याचा बहुतांश अधिकार एडिंबऱ्याला मिळाला.

निकालाचा नकाशा पाहण्याजोगा आहे. बत्तीस प्रशासकीय विभागांपैकी केवळ चार विभागांनी 'होय' म्हटले : डंडी (५७.३ टक्के), ग्लासगो (५३.५ टक्के), वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. हे चारही एकेकाळच्या कारखानदारीचे, आता बेकारीचे आणि अनारोग्याचे प्रदेश. सुस्थितीतील एडिंबऱ्याने ६१ टक्क्यांनी 'नाही' म्हटले. ज्या तेलाच्या जोरावर स्वातंत्र्याचे गणित मांडले होते त्या तेलाची राजधानी अ‍ॅबर्डीन, तिनेही ५८.६ टक्के मते विरोधातच टाकली. तेथील लोकांना तेलाचा स्वभाव ठाऊक असावा. श्वेतपत्रिकेने पिंपाला शंभर डॉलरहून अधिक भाव गृहीत धरला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो तीसच्याही खाली गेला. अ‍ॅबर्डीनमध्ये नोकऱ्या गेल्या, घरांच्या किमती उतरल्या.

क्लाइडच्या खाडीलगत फॅसलेन येथे ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ आहे. स्वतंत्र स्कॉटलंडमधून तो हलवण्याचा एसएनपीचा निर्धार होता. ग्लासगोपासून चाळीसेक किलोमीटरवर अण्वस्त्रे नकोत, हे म्हणणे अनेकांना पटे. पण तळावर ज्यांच्या चुली पेटतात त्या परिसराने 'नाही'लाच पसंती दिली. गोव्हनच्या गोदीतही हाच पेच होता. ब्रिटन आपल्या युद्धनौका परदेशात बांधून घेत नाही, तेव्हा उद्या आपण परदेश झालो तर काय, असा प्रश्न तेथील कामगारांपुढे होता.

ब्रेक्झिटने उलटवलेला डाव

२०१४ मध्ये 'नाही' पक्षाचा एक मुद्दा असा होता की, युरोपीय महासंघात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहणेच सुरक्षित. दोनच वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी महासंघ सोडण्याचे ठरवले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने होती आणि बत्तीसपैकी एकाही विभागाने बाहेर पडण्यास कौल दिला नव्हता. युरोपसाठी म्हणून ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांची ही उघड फसगत होती. युरोपीय विद्यार्थी, रुग्णालयांतील परिचारिका, हॉटेलांतील आणि मासळी प्रक्रिया केंद्रांतील कामगार यांच्यापुढे नवे कायदे आले.

असे असले तरी ब्रेक्झिटने स्वातंत्र्य सोपे केले नाही, उलट अधिक अवघड केले, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. २०१४ मध्ये दोन्ही देश महासंघात राहतील, तेव्हा सीमेवर तपासणी लागणार नाही, असे म्हणता येत होते. आता स्वतंत्र स्कॉटलंड महासंघात परतला, तर सुमारे १५४ किलोमीटरची इंग्लंड-स्कॉटलंड सीमा ही महासंघाची सरहद्द होईल. स्कॉटलंडबाहेर जाणाऱ्या मालापैकी साठ टक्क्यांच्या आसपास माल उर्वरित ब्रिटनमध्येच जातो. ग्रेटना वा कोल्डस्ट्रीमसारख्या गावांत माणसे सकाळी सीमा ओलांडून कामाला जातात. बेरिक हे इंग्लंडमधील गाव, पण त्याचा फुटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळत आला आहे. तेथे जकात चौकी कशी बसवायची, हे उत्तर आयर्लंडचा अनुभव पाहिलेल्या कोणालाही सहज सांगता येणार नाही.

जगण्यातील फरक

स्वातंत्र्य आले नाही, तरी सीमेच्या दोन बाजूंचे जगणे हळूहळू वेगळे होत गेले आहे. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेली औषधे एप्रिल २०११ पासून मोफत आहेत. इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये एका औषधामागे ९.९० पौंड पडत होते. स्कॉटिश विद्यार्थ्याला आपल्या देशातील विद्यापीठात पहिल्या पदवीसाठी शुल्क नाही; इंग्लंडमध्ये २०२४-२५ पर्यंत ते वर्षाला ९,२५० पौंड होते. ब्रेक्झिटपूर्वी तर अथेन्सहून आलेला विद्यार्थी एडिंबऱ्यात फुकट शिके आणि शेजारच्या न्यूकॅसलहून आलेला शुल्क भरे! वृद्धांच्या घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेचा खर्च २००२ पासून सरकार उचलते. २०१७ पासून प्रत्येक नवजात बालकाला कपडे व आवश्यक वस्तूंची पेटी मिळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेले बालभत्ते गरीब कुटुंबांना आठवड्याच्या हिशेबाने दिले जाते.

याची किंमतही आहे. प्राप्तिकराचे स्कॉटलंडमध्ये २०२४-२५ साली सहा टप्पे होते आणि सर्वोच्च दर ४८ टक्के, तर इंग्लंडमध्ये ४५ टक्के. मध्यम व उच्च पगाराच्या नोकरदाराला सीमेपलीकडच्या सहकाऱ्यापेक्षा अधिक कर भरावा लागतो. शिवाय स्कॉटिश सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये तेथील सार्वजनिक खर्च आणि महसूल यांतील तूट २२.७ अब्ज पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १०.४ टक्के होती. हे प्रमाण संपूर्ण ब्रिटनच्या दुपटीहून अधिक. ही तूट लंडनच्या आधाराने भरून निघते, असे एक बाजू म्हणते. लंडनच्या धोरणांमुळेच ती पडते, असे दुसरी.

पुढचा दरवाजा बंद

राजकारणाचा लंबक या काळात दोन्ही टोकांना जाऊन आला. २०१५ मध्ये एसएनपीने स्कॉटलंडमधील लोकसभेच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या, तर जुलै २०२४ मध्ये ५७ पैकी केवळ ९. दरम्यान निकोला स्टर्जन यांचा राजीनामा, पक्षाच्या आर्थिक व्यवहारांची पोलीस चौकशी आणि हमझा युसुफ यांची अल्पकालीन कारकीर्द झाली. लंडनमध्ये भारतीय वंशाचे ऋषी सुनक आणि एडिंबऱ्यात पाकिस्तानी वंशाचे युसुफ, आणि विषय ब्रिटनच्या फाळणीचा, असा योग २०२३ मध्ये जुळून आला होता. त्यावर आपल्याकडे बराच विनोद झाला. मे २०२४ मध्ये जॉन स्विनी यांनी फर्स्ट मिनिस्टरपदाची सूत्रे घेतली. सामंड यांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले.

पक्षाची मते घटली म्हणून स्वातंत्र्याचा पाठिंबा मात्र त्या प्रमाणात घटला नाही. २०१४ नंतरच्या बहुतेक चाचण्यांत तो ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान घोटाळत राहिला. २०२० मध्ये काही महिने पन्नाशीच्या वरही गेला. पण तो मोजायचा कसा? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, लंडनच्या संमतीविना स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही. उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या कायद्यात, बहुसंख्य लोकांचा कल आयर्लंडमध्ये सामील होण्याकडे झुकल्याचे दिसल्यास मंत्र्याने सार्वमत घ्यावे, अशी स्पष्ट तरतूद आहे. स्कॉटलंडसाठी तशी तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. किती लोकांनी, किती वर्षे आणि कोणत्या मार्गाने मागणी केली म्हणजे प्रश्न पुन्हा विचारला जाईल, हे कोठेही लिहिलेले नाही.